तेराव्या वर्षी वजीर सोडणारा मुलगा: एका डावातून ग्रुनफेल्ड ओपनिंग समजून घेऊ

बुद्धिबळाच्या भागाचं लिखित रूप टाका, असं बरेच दिवस तुम्ही सांगत होतात. कारणही पटण्यासारखं होतं. बसमध्ये, लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकताना "बी४ की डी४?" हे कळत नाही, आणि एक घर चुकलं की पुढचा सगळा डाव चुकतो. म्हणून हा भाग वाचायलाही देते आहे. घरी पट असेल तर मांडून बसा. नसेल तर मोबाईलवर लिचेस किंवा चेस डॉट कॉमचं ॲनालिसिस बोर्ड उघडा आणि माझ्याबरोबर एकेक खेळी करत चला. नुसतं वाचून मजा अर्धीच येईल.

नव्या श्रोत्यांसाठी एक मिनिट. पांढऱ्याच्या बाजूने बसलात की डावीकडून उजवीकडे ए ते एच असे आठ उभे रकाने, आणि खालून वर एक ते आठ आडव्या ओळी. पांढऱ्याचा राजा सुरुवातीला ई१ वर असतो, काळ्याचा ई८ वर. एवढं लक्षात ठेवलं तरी आजचा भाग कळेल.

मुलगा कोण, समोरचा कोण

तारीख १७ ऑक्टोबर १९५६. गाव न्यूयॉर्क, जागा मार्शल चेस क्लब. रोझेनवाल्ड करंडकाची स्पर्धा चालू होती. अमेरिकेतले बारा निवडक खेळाडू, आणि त्यांच्यात एक तेरा वर्षांचा मुलगा. त्याचं रेटिंग पहिल्या बारात नव्हतं. पण त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने अमेरिकेची ज्युनियर स्पर्धा जिंकली होती, आणि ती जिंकणारा तोपर्यंतचा तो सगळ्यात लहान खेळाडू होता. म्हणून त्याला खास बाब म्हणून बोलावलं होतं. नाव बॉबी फिशर.

हा मुलगा ब्रुकलिनमध्ये वाढला. सहा वर्षांचा असताना थोरल्या बहिणीबरोबर, गोळ्या-बिस्किटांच्या दुकानातून आणलेल्या संचावर तो हा खेळ शिकला. पुढे १९७२ मध्ये तो जगज्जेता झाला, हे आपल्याला माहीत आहे. पण त्या दिवशी क्लबमध्ये बसलेल्या कुणालाच ते माहीत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने तो ज्युनियरमधून वर आलेला एक पोरगा होता, एवढंच.

समोर पांढरी मोहरी घेऊन बसला होता डोनाल्ड बर्न. वय पंचविशीच्या पुढे, १९५३ चा अमेरिकन ओपन विजेता. कच्चा खेळाडू अजिबात नाही. हे मुद्दाम सांगते, कारण इंटरनेटवर हा डाव "बच्च्याने मोठ्याला लोळवलं" अशा थाटात फिरतो आणि बर्न बिचारा बावळट ठरतो. तसं नव्हतं. बर्नने एक खेळी ढिली केली. पण ती ढिली आहे हे समोरच्याला दिसावं लागतं, आणि दिसल्यावर ते सिद्धही करावं लागतं. आजचा सगळा भाग त्या एका खेळीभोवती आहे.

ओपनिंग: मधली जागा आधी देऊन टाका, मग फोडा

बुद्धिबळ शिकताना पहिला धडा काय असतो? मधल्या चार घरांवर प्यादी न्या. ई४, डी४, ई५, डी५. मध्य ज्याच्या ताब्यात त्याची मोहरी सगळीकडे धावतात. धडा बरोबर आहे. पण १९२० च्या दशकात काही खेळाडूंनी वेगळा विचार केला. समोरच्याला मध्यात प्यादी आणू द्या. मोठं मध्य म्हणजे मोठी मालमत्ता, आणि मालमत्ता मोठी की राखणही मोठी. आपण लांबून तिच्यावर मारा करायचा.

ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने १९२२ मध्ये या विचाराची एक ओपनिंग मोठ्या स्पर्धांत आणली आणि त्याच वर्षी व्हिएन्नामध्ये तिच्या जोरावर अलेखाइनसारख्याला हरवलं. तेव्हापासून ही ग्रुनफेल्ड डिफेन्स. मूळ खेळ्या अशा. पांढरा: डी४, सी४, घोडा सी३. काळा: घोडा एफ६, प्यादं जी६ आणि तिसऱ्या खेळीला डी५. जी६ मुळे काळ्याचा उंट जी७ वर बसतो आणि तिथून ए१ पर्यंतचा लांब कर्ण बघत राहतो. पांढऱ्याच्या मध्यातल्या प्याद्यांवर तो कायम नजर ठेवून असतो.

आता एक गोष्ट जी आपल्याकडच्या फार थोड्या मुलांना माहीत असते. ग्रुनफेल्डच्या जन्माच्याही आधी, १८५५ मध्ये, कलकत्त्यात याच पद्धतीचा डाव खेळला गेला होता. काळी मोहरी घेऊन बसले होते महेशचंद्र बॅनर्जी आणि समोर होते तिथे वकिली करणारे जॉन कॉक्रेन. खेळ्यांचा क्रम तोच: घोडा एफ६, जी६ आणि डी५. आपल्याकडच्या जुन्या देशी खेळात प्यादं पहिल्यांदाही एकच घर चालायचं, त्यामुळे सावकाश मांडणी करून उंट कोपऱ्यातून काढायची सवय आपल्या खेळाडूंच्या हातात होती. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन या नावांत जे "इंडियन" येतं ना, त्यामागे असे खेळाडू आहेत. म्हणजे ही ओपनिंग आपल्याला अगदीच परकी नाही.

पहिल्या दहा खेळ्या

चला, पट मांडा. फिशर काळा.

१. घोडा एफ३, घोडा एफ६. २. सी४, जी६. ३. घोडा सी३, उंट जी७. ४. डी४, आणि काळ्याने कॅसलिंग केलं.

चौथ्याच खेळीला काळ्याचा राजा कोपऱ्यात, हत्तीच्या आड. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

५. उंट एफ४, डी५. आत्ता ग्रुनफेल्ड झाली. सुरुवात घोडा एफ३ ने झाली होती, पण खेळ्यांचा क्रम बदलून दोघं त्याच मांडणीत आले. दुसऱ्या दाराने का होईना, त्याच घरात शिरले. ज्यांना फक्त क्रम पाठ असतो ते अशा वेळी गोंधळतात. ज्यांना मांडणी ओळखता येते त्यांना काही फरक पडत नाही.

६. वजीर बी३. बर्नने वजीर लवकर बाहेर काढला आणि डी५ वरचा दाब वाढवला. काळ्याने डी-प्याद्याने सी४ मारलं. ७. वजिराने सी४ परत मारलं, सी६. ८. ई४.

इथे थांबा आणि पट बघा. पांढऱ्याची प्यादी डी४ आणि ई४ वर शेजारी शेजारी, वजीर मध्यात, घोडे जागेवर. कुणालाही वाटेल की पांढरा छान खेळतोय. काळ्याचं एकही प्यादं मध्यात नाही. पण आता त्या मोठ्या मालमत्तेची राखण सुरू झाली.

८... दुसरा घोडा डी७. ९. हत्ती डी१, घोडा बी६. घोड्याने वजिराला हुसकावलं. १०. वजीर सी५, उंट जी४. हा उंट एफ३ च्या घोड्यावर आला, आणि तो घोडा डी४ च्या प्याद्याचा राखणदार आहे.

आता दोन्ही बाजू मोजू. काळ्याचा राजा सुरक्षित, दोन्ही घोडे बाहेर, दोन्ही उंट बाहेर. पांढऱ्याचा राजा अजून ई१ वर, मधोमध. एफ१ चा उंट हललेला नाही. वजीर मात्र तीनदा हललाय. म्हणजे पांढऱ्याकडे जागा आहे, काळ्याकडे वेळ आहे. ग्रुनफेल्डचा सगळा सौदा हाच असतो.

अकरावी खेळी

पांढऱ्याने इथे साधं उंट ई२ करून पुढच्या खेळीला कॅसलिंग केलं असतं, तर हा डाव आज कुणाला आठवलाही नसता.

बर्नने खेळलं ११. उंट जी५. आधीच बाहेर असलेला उंट दुसऱ्यांदा हलवला. वाईट दिसत नाही. उंट पुढे गेला, घोड्यावर दाब आला. पण राजा अजून मध्येच.

आणि फिशरने खेळलं ११... घोडा ए४.

पटावर ठेवून बघा. पटाच्या अगदी काठावर, कुणाचाही आधार नसलेल्या घरात घोडा नेऊन ठेवला. सी३ चा घोडा त्याला सरळ मारू शकतो. फुकट आहे! मग का ठेवला?

कारण सी३ चा तो पांढरा घोडा एक काम करतोय. ई४ चं प्यादं तो राखतोय. त्याने ए४ वर मारलं की राखणदार जागेवरून उठला. मग काळ्याचा दुसरा घोडा ई४ मारतो आणि एकदम दोघांवर येतो, सी५ चा वजीर आणि जी५ चा उंट. समजा पांढऱ्याने उंटाने ई७ मारलं. काळा सी५ वर वजीर मारतो, पांढरा डी८ वर वजीर मारतो, काळा ए४ वर घोडा मारतो. धूळ खाली बसल्यावर काळा प्यादं जिंकतो आणि पांढऱ्याची मांडणी विस्कटलेली राहते. वजिराने ई७ मारलं तर काळ्याचा वजीर ए५ वर शह देतो आणि राजा मध्ये असल्याची किंमत पांढरा मोजतो. प्रत्येक फाट्याच्या टोकाला तोच ई१ वरचा राजा उभा आहे.

आपल्याकडे कॅरममध्ये म्हणतात ना, स्ट्रायकर ज्या सोंगटीला लागतो ती नव्हे, तिच्यामागची जाते. तसंच हे. घोडा ए४ वर गेला, पण निशाणा ई४ होता.

थोडं थांबून, एका मेसेजबद्दल

मागच्या महिन्यात नववीतल्या एका श्रोत्याने लिहिलं होतं: "ताई, माझ्या ओपनिंग पंधरा खेळ्यांपर्यंत पाठ आहेत. पण समोरचा सहाव्या खेळीलाच वेगळं काहीतरी करतो आणि मी हरतो. मग घरी बोलणी बसतात, की एवढ्या लांब नेलं, फी भरली, आणि हे काय?"

असे मेसेज मला बरेच येतात आणि ते हलके घेण्यासारखे नसतात. सुट्टीत तीन तासांचा प्रवास करून स्पर्धेला जायचं, डब्यातली पोळी-भाजी दोन फेऱ्यांच्या मधे खायची, आणि पहिल्याच फेरीत अर्ध्या तासात बाहेर येऊन जिन्यात बसायचं. ज्याने केलंय त्याला माहीत आहे.

मी रविवारी सकाळी मुलांना शिकवते. हा डाव अकराव्या खेळीपर्यंत आणून मी थांबवते आणि विचारते, "आता काळ्याने काय करावं?" ज्यांना ग्रुनफेल्ड पाठ आहे ती मुलं आठवायला लागतात. डोळे छताकडे. ज्यांना पाठ नाही ती पटाकडे बघतात. खरं सांगते, घोडा ए४ शोधणारी मुलं बहुतेक वेळा दुसऱ्या गटातली असतात. कारण मी पुढचा प्रश्न विचारते, "कोणाचा राजा कुठे आहे? कोणतं मोहरं कोणाला राखतंय?" याचं उत्तर पटावरच लिहिलेलं असतं.

पाठांतर वाईट आहे असं मी म्हणत नाही. पाढे पाठ लागतातच. पण पंधरा खेळ्या पाठ करताना प्रत्येक खेळी काय राखते आणि काय सोडते हे एका ओळीत सांगता येत नसेल, तर ती खेळी तुमची नाही, ज्या व्हिडिओत बघितली त्याची आहे. समोरच्याने सहाव्या खेळीला वाट बदलली की त्याने काय सोडलं ते शोधायचं. तेवढ्यासाठी पाठांतर लागत नाही.

चला, परत पटावर.

हत्ती घे, घे की

बर्नने घोडा मारला नाही. १२. वजीर ए३. मग घोड्याने सी३ मारलं, १३. बी-प्याद्याने परत मारलं, आणि घोड्याने ई४ घेतलं. मध्यातलं मोठं प्यादं गेलं. १४. उंटाने ई७ मारलं. आता हा उंट काळ्याच्या वजिरावरही आहे आणि एफ८ च्या हत्तीवरही. फिशरने वजीर बी६ वर नेला आणि हत्ती तसाच ठेवला.

घे म्हणाला. पण बर्नने घेतला नाही, आणि बरोबर केलं. उंटाने हत्ती मारला असता तर काळ्याच्या जी७ च्या उंटाने तो परत मारला असता, आणि एफ८ वरून तो उंट थेट ए३ च्या वजिरावर आला असता. पांढरा वजीर पळणार, काळ्याचा दुसरा हत्ती ई८ वर येणार, आणि ई१ वरचा राजा उघड्या रस्त्यावर.

१५. उंट सी४. आता तरी कॅसलिंग करू, असा बर्नचा विचार. फिशर: घोड्याने सी३ मारलं. वजिराने घोडा घेतला तर हत्ती ई८ वर येतो आणि ई७ चा उंट राजासमोर अडकून पडतो. म्हणून १६. उंट सी५, काळ्याच्या वजिरावर. हत्ती ई८, शह. १७. राजा एफ१.

इथे पांढऱ्याच्या राजाचा कॅसलिंगचा हक्क गेला. आणि एच१ चा हत्ती बघा. राजा त्याच्या रस्त्यात, तो कोपऱ्यात बंद. बराच वेळ तो असाच राहणार आहे. पांढरा दिसायला पूर्ण फौजेने खेळतोय, प्रत्यक्षात एक हत्ती कमी आहे असं समजा.

सतरावी खेळी: उंट ई६

आता काळ्याची अडचण मोजा. बी६ चा वजीर सी५ च्या उंटाच्या माऱ्यात. सी३ चा घोडा ए३ च्या वजिराच्या माऱ्यात. दोघांना एकाच खेळीत वाचवायचं तर घोडा बी५ वर नेऊन पांढऱ्या वजिरावर आणावा, असं सुचतं. तसं केलं तर पांढरा उंटाने एफ७ मारून शह देतो आणि डाव उलटतो.

फिशरने वजिराला हात लावला नाही. जी४ चा उंट ई६ वर आणला, सी४ च्या पांढऱ्या उंटासमोर. वजीर मारायचा तर मार.

पांढऱ्यासमोर मारण्याचे तीन मोह आहेत. तिन्ही पटावर करून बघा.

पहिला मोह: उंटाने ई६ चा उंट मारायचा. मग काळा वजीर बी५ वर शह देतो. राजा जी१. घोडा ई२ शह, राजा एफ१. घोडा जी३, आणि हा दुहेरी शह, घोड्याचाही आणि वजिराचाही. राजा जी१. आता काळा वजीर एफ१ वर टाकतो, शह! हत्तीने तो मारावाच लागतो. आणि घोडा ई२, मात. राजाच्या भोवती त्याचीच माणसं उभी, हलायला घर नाही. गर्दीत गुदमरल्यासारखी मात.

दुसरा मोह: वजिराने सी३ चा घोडा मारायचा. काळा वजिराने सी५ चा उंट मारतो. तो वजीर डी-प्याद्याने मारावा म्हटलं तर जी७ च्या उंटाचा कर्ण उघडतो आणि सी३ चा वजीर जातो. ग्रुनफेल्डचा तो कोपऱ्यातला उंट आठवतो ना? तिसऱ्या खेळीपासून वाट बघत बसला होता.

तिसरा मोह: सरळ वजीर मारायचा. बर्नने तेच केलं. १८. उंटाने बी६ मारलं.

पवनचक्की

उंटाने सी४ मारलं, शह. आणि आता जे सुरू होतं त्याला बुद्धिबळात पवनचक्की म्हणतात. सी४ चा उंट एफ१ कडे बघतोय. मधल्या ई२ वर घोडा आला की पडदा लागतो, घोडा हलला की पडदा उघडतो आणि शह. दर वेळी घोडा उडताना काहीतरी घेऊन जाऊ शकतो आणि पांढऱ्याला राजा हलवण्यावाचून दुसरं काही करता येत नाही.

१९. राजा जी१, घोडा ई२ शह. २०. राजा एफ१, घोड्याने डी४ मारलं, उंटाचा शह. २१. राजा जी१, घोडा ई२ शह. २२. राजा एफ१, घोडा सी३ शह. २३. राजा जी१.

घोडा फिरून परत सी३ वर आला. मग एवढी वणवण कशाला? एक प्यादं मिळालं हे खरं, पण खरी गोष्ट वेगळी आहे. डी४ चं प्यादं गेल्यामुळे जी७ च्या उंटाचा कर्ण मोकळा झाला, आणि सी३ चा घोडा आता त्या उंटाने राखलेला आहे. मघाशी तो नुसता उभा होता, आता आधाराने उभा आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना मी ही जागा नेहमी दाखवते. शह देता येतो म्हणून शह द्यायचा नसतो, शह देऊन काय बदलतं ते बघायचं असतं.

२३... ए-प्याद्याने बी६ चा उंट मारला. हे प्यादं सरकल्याने ए८ चा हत्ती उघडा झाला आणि ए३ च्या वजिरावर आला. २४. वजीर बी४. फिशरने घाईने डी१ चा हत्ती मारला नाही, कारण मग पांढरा वजीर सी४ चा उंट घेऊन गेला असता. आधी हत्ती ए४, वजिरावर. सी३ चा घोडा त्या हत्तीला राखतोय. २५. वजिराने बी६ मारलं, आणि आता घोड्याने डी१ चा हत्ती घेतला.

हिशेब करू. फिशरने वजीर दिला. बदल्यात एक हत्ती, दोन उंट आणि एक प्यादं घेतलं. आपण मुलांना शिकवतो ते गुण लावले तर नऊ देऊन बारा. आणि गुणांत न धरलेली गोष्ट म्हणजे एच१ चा हत्ती अजून कोपऱ्यातच. त्याला बाहेर काढायला बर्नला २६. एच३, २७. राजा एच२, २८. हत्ती ई१ अशा तीन खेळ्या लागल्या. तेवढ्यात काळ्याने ए२ आणि एफ२ ची प्यादी उचलली, आणि अठ्ठाविसाव्या खेळीला तो बाहेर आलेला हत्तीही मारला. बदल्यात दोन खेळ्यांनी एक हत्ती पांढऱ्यालाही मिळाला, पण आता त्याच्याकडे वजीर आणि एकच घोडा राहिला.

पुढचं पटापट सांगते. पांढऱ्याचा वजीर एकटा पटभर फिरत राहिला. काळ्याची चारही मोहरी, हत्ती, दोन उंट आणि घोडा, एकमेकांना राखत पुढे सरकली. पस्तिसाव्या खेळीपासून सलग सात शह: उंट सी५, घोडा जी३, उंट बी४, दुसरा उंट बी३, घोडा ई२, घोडा सी३, आणि एक्केचाळिसाव्या खेळीला हत्ती सी२, मात. राजा जी१ वरून चालत चालत सी१ वर आला. वजीर बी८ वर उभा राहून बघत होता.

मात होईपर्यंत खेळणारा बर्न

मोठे खेळाडू मात होईपर्यंत खेळत नाहीत, हरतोय हे दिसलं की हात मिळवतात. मग बर्न का खेळत राहिला? त्याने नंतर सांगितलेली आठवण अशी, की त्याने स्पर्धेतल्या इतर खेळाडूंना विचारलं, पोरगा एवढा सुंदर खेळलाय, त्याला पटावर मात करू दिली तर बरं होईल का? ते म्हणाले, का नाही! म्हणून तो खेळला.

मला या डावातलं हे फार आवडतं. लहान मुलाशी हरताना मोठ्यांचे चेहरे कसे होतात, हे तुम्ही कुठल्याही खुल्या स्पर्धेत बघितलं असेल. मोहरी आपटणारे, सही करून न बोलता उठणारे. बर्न मात करून घ्यायला बसून राहिला. डाव दोघांचा असतो, हे त्याला माहीत होतं.

त्या वर्षी डिसेंबरमध्ये "चेस रिव्ह्यू" मासिकात हान्स कमोखने या डावाला "शतकातला डाव" म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. गंमत म्हणजे १९६३ मध्ये डोनाल्डचा भाऊ रॉबर्ट बर्न फिशरसमोर बसला, तेव्हाही काळ्याने जी६-डी५ याच घराण्यातली मांडणी केली आणि एकवीस खेळ्यांत डाव संपला.

आणि ही बाजूही ऐका

या स्पर्धेत फिशर कितवा आला असेल? अकरा फेऱ्यांत साडेचार गुण, बारा जणांत आठव्या-नवव्या जागी. शतकातला डाव खेळलेल्या मुलाने त्याच स्पर्धेत जिंकण्यापेक्षा जास्त डाव गमावले. उत्कृष्ट डावाचं बक्षीस मिळालं, क्रमांक मिळाला नाही. सव्वा वर्षात, चौदाव्या वर्षी, तो अमेरिकेचा विजेता झाला. म्हणजे मधल्या काळात तो हरलेले डाव घेऊन बसला असणार, हे उघड आहे.

ओपनिंगलाही हेच लागू. २०१० मध्ये सोफियाला जगज्जेतेपदाच्या सामन्यात आपल्या आनंदने टोपालोव्हविरुद्ध पहिल्याच डावात हीच ग्रुनफेल्ड खेळली आणि तो हरला. दुसरा डाव जिंकला, आणि शेवटी सामनाही. जुलै २०२५ मध्ये नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीसमोर बसली. दोघींचे नेहमीचे डाव बरोबरीत सुटले आणि टायब्रेकमध्ये दिव्या जिंकली. समोरची व्यक्ती आपल्या वयाच्या दुप्पट अनुभवाची असली तरी पटावर दोघांची मोहरी सोळाच असतात.

तुमच्यासाठी काम

ग्रुनफेल्ड खेळायची असेल तर या आठवड्यात एवढंच करा. पाठ करू नका. या डावाच्या पहिल्या दहा खेळ्या पटावर लावा आणि काळ्याच्या प्रत्येक खेळीपुढे वहीत एक ओळ लिहा, हे मोहरं कुणाला राखतंय किंवा कुणावर नजर ठेवतंय. मग अकराव्या खेळीला पांढऱ्याचा उंट जी५ ऐवजी ई२ वर ठेवा आणि मित्राबरोबर तिथून पुढे खेळा. दोघांनी बाजू बदलून दोनदा. इंजिन बंद ठेवा. तेव्हा कळेल की बर्नने कॅसलिंगची तयारी केली असती तर घोडा ए४ ला तेवढी धार राहिली असती का, आणि का.

ज्या नववीतल्या मित्राने मेसेज केला होता त्याला मी एवढंच कळवलंय, की पुढच्या स्पर्धेत समोरच्याने सहाव्या खेळीला वाट बदलली तर घड्याळ चालू दे, दोन मिनिटं जाऊ दे, आणि त्याचा राजा कुठे आहे ते आधी बघ. घरच्यांनीही ऐकत असाल तर एक विनंती: परतीच्या गाडीत निकालाबद्दल नंतर विचारा. आधी विचारा, "आजच्या डावातली कुठली खेळी तुला आवडली?" पोरं बोलायला लागतात.

तुम्ही लिहिलेल्या ओळी मला पाठवा, निवडक ओळी पुढच्या भागात वाचून दाखवेन. पुढच्या भागात प्यादी आणि राजे उरलेले शेवट घेऊ. तिथे पाठांतर चालतं, आणि का चालतं तेही सांगेन. तोपर्यंत खेळत राहा. भेटूच!